लंगोट सुटला

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. हर्सूलच्या तालमीत मी रोज घुमायचो आणि लाल लंगोट रात्रंदिवस कसून बांधायचो, अगदी लग्नानंतरही. वस्ताद मला 'लंगोटाचा पक्का' म्हणत आणि मी फुगून जाई.

घरात मात्र पाळणा हलेना. आईनं सगळा दोष बायकोच्या माथी मारला आणि माझ्या दुसऱ्या लग्नासाठी बिडकीनची मुलगी पाहून ठेवली. मी भरलं ताट ढकलून उठलो.

बायको डॉक्टरीणबाईंकडून तपासून आली होती. "माझ्यात खोट नाय," ती म्हणाली. "आता तुमी चला."

पैलवानाची तपासणी! शरमेनं मेलो, पण गेलो. शहागंजातले म्हातारे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघत म्हणाले, "पहलवान, बीज है, मगर कम. और सुस्त." मग त्यांनी विचारलं, "ये लंगोट कब उतारते?"

"आंघोळीला."

ते पोट धरून हसले. "अरे, देवानं वृषणं पोटात का नाय ठेवली? अंगाच्या गर्मीत बीज नीट बनत नाय. उकाड्यात ती थैली सैल होऊन खाली येते, थंडीत वर चढते. तुमी तिला आवळूनच बसले! कुस्तीपुरता बांधा. बाकी वक्त ढिला पायजमा."

बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, वृषणावरच्या वेटोळ्या नळीत ते पोहण्याजोगं होतं, वीर्यात बाकी सगळा ग्रंथींचा रस असतो, हेही त्यांनीच सांगितलं. आमचे वस्ताद तर रक्त आटून वीर्य बनतं म्हणायचे.

"डॉक्टरनं लंगोट सोडाया सांगितलाय," मी वस्तादांना म्हणालो. ते कपाळाला हात लावून खालीच बसले. "आरं, कुण्या बाईचा नाद लागला?" संध्याकाळपर्यंत मी बिघडल्याचं सगळ्या तालमीत झालं.

घरी आईला तोंडावर सांगितलं, "खोट सुनेत नाय, माझ्या लंगोटात हाय. बिडकीनचं नाव काढू नको." तिला ते पटलं नाही, पण तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. माझे जुने लंगोट फाडून आईनंच नातीसाठी मऊ लंगोट केले. पहिला बांधताना बायको खाटेवरून म्हणाली, "आत्याबाई, जरा सैल बांधा."

आईचा हात थांबला. डोळे पुसत तिनं गाठ सोडली.

"व्हय गं माय," ती म्हणाली. "तुला लई आवळलं म्या."