गणिताने काढलेला रस्ता

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा! पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा तेवढा हक्क तुमचा.

माझं संशोधन कशात आहे, माहितीये ना? एक पृष्ठभाग घ्यायचा, चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा कुठेही उंच, कुठेही खोल. त्यावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा. गंमत अशी, की जितकं बारीक बघाल तितके खड्ड्यात खड्डे निघत जातात. "त्याला पीएचडी कशाला? आमच्या गल्लीत ये की," असं आमची ताई म्हणते.

तर ताईच्या मुलीचं, मुक्ताचं लग्न. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. मी एकुलता एक मामा, म्हणजे नवरीला बोहल्यावर मीच आणायचं. आणि साडेअकराला कळलं, गजरे घरीच राहिले!

"मंडईतून घेऊन ये पटकन," ताई म्हणाली. "सरळ रस्त्याने जा, सरळ रस्त्याने ये. आणि हे बघ, डोकं लावू नकोस."

गेलो सरळ. दहा मिनिटांत गजरे हातात! येताना मात्र पुढे जरा गर्दी दिसली, आणि मला राहवेना. अरे, पंधरा वर्षं मी काय गवत उपटलं? इथून डावीकडे, मग तिरकं, मग त्या बोळातून. मनातल्या मनात हिशोब केला आणि घातली स्कूटर!

बोळाच्या मधोमध अडकलो. पुढे वीसेक दुचाक्या, एक रिक्षा, मागे तेवढ्याच. शेजारच्या स्कूटरवर एक बाई होत्या.

"अहो, तुम्हालाही फोननेच इकडे पाठवलं का?"

"छे! मी गणित करून आलोय."

"वा! मग फरक काय पडला?"

आणि तेव्हा मला घाम फुटला. कारण हे तर माझंच संशोधन! कुठूनही निघा, एकाच ठिकाणी जाणारे सगळ्यात जवळचे रस्ते पोचायच्या आधीच एकमेकांना येऊन मिळतात. फळ्यावर हे सांगून टाळ्या घेतल्यात हो मी! फक्त ते सगळे असे हॉर्न वाजवत मिळतील, हे डोक्यात आलं नव्हतं.

बाराला ताईचा फोन. "कुठेयस?"

"बोळात."

"डोकं लावलंस ना?"

मागून मुक्ताचा आवाज आला, "मामा आल्याशिवाय मी खोलीबाहेर येणार नाही!" माझ्या दीडशहाणपणापायी पोरीचा मुहूर्त टळणार?

बाईंनी माझा रेशमी झब्बा बघितला, गजरे बघितले. "लग्न आहे ना? मग गाडी भिंतीला लावा आणि पळा! मागे फिरून सरळ रस्त्याने."

पळालो! धोतर सावरत, सरळ रस्त्याने! बारा पाचला दारात. मुक्ता मला बघून इतकी हसली, की मेकअपवाली ओरडली. गजरा माळला, हात धरून तिला बोहल्यावर नेलं. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागे उभा होतो, धापा टाकत. सांगतो तुम्हाला, इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.

मी बोळात अडकल्याची गोष्ट तोवर मांडवभर झाली होती. पंगतीत शेजारी नवऱ्यामुलाचे आजोबा बसले. पानात जिलबी घेत शांतपणे म्हणाले, "आपण काय करता?"

मी जरा ताठ बसलो. "सगळ्यात जवळचा रस्ता कसा शोधावा, यावर संशोधन करतो."

आजोबांनी मठ्ठ्याचा एक घोट घेतला.

"असं होय! म्हणजे आज सुट्टी घेतली होतीत."