ब्लॉक यादीत अडकलेली निवड

तळोद्याच्या शाळेत रुपा पाटील खेळ शिकवते. खो-खोची पंच परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली. पण अर्जात ईमेल दिल्यापासून तिच्या इनबॉक्सचा बाजार झाला होता: बुटांच्या जाहिराती, लॉटऱ्या, वजन घटवायची चूर्णं. वैतागून तिने नवऱ्याला, भूपेशला विचारलं.

"नको तो पत्ता ब्लॉक यादीत टाक, त्याचं सगळं स्पॅममध्ये जाईल," तो म्हणाला. "हवा तो सुरक्षित यादीत."

रुपाला असा हुरूप आला की आठवडाभर ती सपासप ब्लॉक करत सुटली. इनबॉक्स चकाचक!

शुक्रवारी मैदानावर सराव चालू असताना नंदुरबारहून भूमिकाचा फोन आला. दोघींनी परीक्षा बरोबरच दिली होती.

"रुपाताई, राष्ट्रीय स्पर्धाले आपली दोन्हीस्नी निवड व्हयनी! होकार धाडी दिधा ना? आज पाचपर्यंतच मुदत शे!"

"माले तर पत्रच उनं नही!"

रुपाने शिट्टी तोंडातून काढली, मुलींना थांबवलं आणि तिथेच मोबाईल उघडला. साडेचार वाजले होते. स्पॅममध्ये नऊशे मेल. तिने शोधात "पंच" लिहिलं, आणि निवडीचा मेल वर आला. चार दिवसांपूर्वीचं पत्र! खो-खो संघटनेने त्याच पत्त्यावरून मागे बुटांची जाहिरात पाठवली होती, म्हणून तिनेच तो ब्लॉक केला होता.

तिने पत्ता ब्लॉक यादीतून काढला, सुरक्षित यादीत टाकला, पत्रातला होकाराचा फॉर्म भरला. पण पाठवताना मैदानावर रेंज येईना. ती जिना चढून शाळेच्या गच्चीवर पळाली. मागोमाग सगळा संघ.

"बाई, गेलं का?"

"थांबा गं... गोल फिरतंय... गेलं!"

पाचला सात मिनिटं कमी होती. लगेच उत्तर आलं, थेट इनबॉक्समध्ये: आपला होकार मिळाला. गच्चीवर एवढा गलका झाला की मुख्याध्यापक धावत वर आले.

रुपाने सासूला फोन लावला.

"आई, मी राष्ट्रीय स्पर्धामा पंच व्हयनू!"

"म्हंजे पोरीस्ना भांडणं तू मिटाडशी?" कमलबाई हसल्या. "कवय निंघनं शे? मी वाटवर खावाले दशम्या करी देस!"