पहिला शब्द वगळलेली प्रार्थना

परवा जेवताना नातसुनेने सहज विचारलं, "आजी, आपला ख्रिस्ती लोकांचा आणि मुसलमानांचा देव एकच का हो?" हातातला घास तसाच ठेवून मी थेट अठ्ठेचाळीस सालच्या जुन्या जालन्यात जाऊन पोहोचले...

तेव्हा मी मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. धर्मशिक्षणाचा तास माझ्याकडे. कोणताही विषय पायरीपायरीने उलगडून सांगण्याची मला भारी हौस, आणि हा प्रश्न तर माझ्या विशेष आवडीचा!

निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. आदले कित्येक महिने आमची गल्ली रझाकारांच्या भीतीने कड्या लावून बसत असे. आता तीच भीती रस्ता ओलांडून समोरच्या घरात शिरली होती.

समोर राहायची हमीदाभाभी. आमची झंपरं तीच शिवायची. नवरा कामासाठी बदनापूरला गेलेला, आणि त्याची काहीच खबर नव्हती.

त्या दुपारी मुसलमानांना हुडकत घरं तपासणारी माणसं जवळ आल्याचं कळलं. आई परसदाराने गेली आणि भाभीला हाताला धरून घेऊन आली. तिला आपलं लुगडं नेसवलं. कोणी विचारलंच, तर ही आईची भाची, टेंभुर्णीची...

"नुसतं सांगून भागायचं न्हाई," आई म्हणाली. "पलीकडं किरिस्ताव म्हणलं की प्रार्थना म्हणायला लावून राह्यलेत. शिकव हिला. जल्दी!"

मी प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना घेतली. लहान आहे, सोपी आहे. पण भाभी एकेक वाक्य असं पारखत होती, जणू कापड बेतायला घेतलं आहे.

"त्याचं नाव पाक राहो... बराबर. त्याची मर्जी चालो... बिलकुल बराबर. रोजची भाकर दे, गुन्हे माफ कर... हे तर आमी बी मागतो की, मास्तरीण!"

राहिला आरंभीचा शब्द. पिता. तिथे ती अडली.

"ते न्हाई म्हणणार. अल्ला कुणाचा बाप न्हाई."

बाहेर कुठे तरी दार फोडल्याचा आवाज आला. तरी माझी शिकवण्याची सवय सुटेना... मी पाठ सुरू केला. जग निर्माण करणारा एकच, हे तुम्ही मानता, आम्हीही मानतो. अब्राहामाला हाक मारणारा तोच, आणि अखेरचा न्यायही तोच करणार. आता फरक कुठे पडतो, तर आम्ही त्याला पिता म्हणतो आणि येशूला त्याचा पुत्र मानतो. तुम्ही येशूला पैगंबर मानता, पुत्र मानत नाही. म्हणजे ज्याच्याविषयी बोलतो तो एक, पण त्याच्याविषयी जे बोलतो ते निराळं!

"तो एकच असंल," भाभी शांतपणे म्हणाली, "तर एवढ्या एका शब्दानं माझी जीभ कामून अडून राह्यली?"



"नुसतं तोंडानं म्हणा," मी विनवलं. "जीव वाचवायला तुमच्यातही चालतं ना?"

"माणसांशी खोटं बोलंन. लुगडं नेसलंच हाय ना तुझ्या आईचं? पण त्याच्याशी बोलताना खोटं... न्हाई जमायचं गं."

तेवढ्यात दारावर काठी आपटली.

चार-पाच जण आत आले. एकही चेहरा ओळखीचा नव्हता, आणि भीती त्याचीच अधिक वाटली. पुढच्याने काठीनेच भाभीकडे दाखवलं. "ही कोण?"

"भाची माझी. टेंभुर्णीची."

"किरिस्ताव ना? मंग म्हणू द्या तुमचं काय असंल ते."

भाभी उभी राहिली. डोळे मिटले. आणि तिने दोन्ही हात छातीसमोर धरले... तळवे उघडे, वर केलेले. आम्ही ख्रिस्ती हात जोडतो. दुआ मागताना हात कसे असतात, हे त्या काळी जालन्यात कोणाला ठाऊक नव्हतं?

शब्द न् शब्द मी घोटून घेतला होता. हातांचं मात्र शिकवायचं राहूनच गेलं! वाटलं, संपलं सगळं...

"हात असे कामून धरले हिनं?" त्याचा आवाज बदलला होता.

आईने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. तिने आपले हात तसेच उघडून पुढे धरले. "देवापाशी मागायचं तर हात रिकामे दाखवावे लागतात, बाबा. मिटल्या हातात तो काय घालील?"

मीही हात उघडले.

भाभीने प्रार्थना म्हटली. पहिला शब्द गाळून, थेट 'आकाशात असणाऱ्या'पासून सुरुवात करून. ती रिकामी जागा मला विहिरीसारखी खोल ऐकू आली. त्या माणसांना आली नाही. ते निघाले, तेव्हा त्यांतल्या एकाने उंबऱ्यावर सवयीने आमच्या प्रार्थनेला हात जोडले...

नंतर भाभीने लुगडं धुऊन, घडी घालून परत केलं. म्हणाली, "तो पहिला शब्द तू मनात म्हणलीस ना, मास्तरीण? तुझा तू म्हण. मला कायी हरकत न्हाई." तिचा नवरा तोपर्यंत परतला नव्हता. पुढेही नाही.

नातसुनेला मी पाठ पूर्ण सांगितला, फरकासकट. तो फरक खरा आहे. त्याच्यासाठी भाभी जीव द्यायला उभी राहिली होती, मग मी तो पुसणार कशी? पण त्या दुपारी आम्हा तिघींचं ऐकायला दोघे निरनिराळे बसले होते, असं मला आजवर कधीच म्हणवलेलं नाही.

नातसून माझ्या हातांकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही हात असे धरता होय..."

होय गं. तेव्हापासून असेच. उघडे.