पऱ्हाटीची गंजी

"पानी त कोनी बी तापवते. लाकूड ठेवाले हात लागते," बयनाबाई एकदा म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून तिच्या सुनेनं अंगणातल्या जळणाला हात लावला नव्हता.

वाक्य तसं साधं होतं. पण ते बोलताना बयनाबाईनं सुनेच्या हाताकडं पाहिलं होतं. भाग्यश्री तेव्हा वांकिडीहून नवीच आलेली. हिरवा चुडा, मेंदी अजून उतरलेली नाही. तिनं हातातली काडी खाली ठेवली आणि हात पदराखाली घेतला. पुढं त्या हातानं घरातलं सगळं केलं, फक्त अंगणातल्या चुलीकडं तो गेला नाही.

पैनगंगेच्या अलीकडं, आदिलाबादच्या या टोकाला, थंडी खोटी नसते. दिवाळी सरली की पहाटे अंगणातली चूल पेटते आणि होळीपर्यंत ती रोज पेटत राहते. घरात गॅस आला, पण अंघोळीचं पाणी आजही अंगणातच तापतं. हंड्याभोवती घरातली माणसं पाठी शेकत उकिडवी बसतात. जळण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर रानात उभी राहिलेली कापसाची वाळकी झाडं. ती उपटून आणायची आणि होळी झाली की अंगणात तिची गंजी रचायची. गंजी अशी हवी की सगळा पावसाळा तिच्यावरून जावा आणि आतली काडी कोरडी राहावी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी होळीचा विस्तव घरी आणतात. त्यावर शेवटचं पाणी तापतं, घरातला प्रत्येक माणूस त्या पाण्यानं अंघोळ करतो, आणि हिवाळा संपतो. मग राख चाळून डब्यात भरायची. फुंकणी, चिमटा पुसून फळीवर ठेवायचे. हंडा चिंचेनं घासून पालथा घालायचा. उरलेल्या गोवऱ्या गंजीच्या पोटात जायच्या. हे सगळं बयनाबाई करी, एकटी करी, आणि करताना कोणी जवळ आलं की तिचे हात थांबत.

कारण तिच्याकडं एवढंच उरलं होतं. शेत रविकांत पाहत होता, तिचा मुलगा. ओट्यावर, डब्यांवर, देवघरावर हळूहळू सुनेचा हात फिरला होता. त्यात कोणाचं चुकलं नव्हतं. गुडघे दुखत होते, डोळ्यांना सुईतलं दिसत नव्हतं. एकेक गोष्ट तिनं स्वतःच "घे वो, तूच पाह्य" म्हणून सोडून दिली होती. अंगणातली चूल आणि तिच्या मागची गंजी मात्र तिनं सोडली नाही. गंजी गेली की आपण या घरात पाहुणी होऊ, असं तिला वाटे. पाहुणी म्हणजे काय ते तिला माहीत होतं. पाहुणीला पाणी तापवून देतात.

आणि भिंतीपलीकडं सखूबाई होती.

दोघी एकाच उन्हाळ्यात या गल्लीत नांदायला आल्या. भिंत छातीइतकी, मातीची. सखूबाई हसणारी बाई. तिचं हसू भिंतीवरून सहज इकडं येई. बयनाबाईचं कधी तिकडं गेलं नाही. एका हिवाळ्यात बयनाबाई तापानं पडली होती. तेव्हा सखूबाईनं येऊन बयनाबाईच्या सासूला पाणी तापवून दिलं. म्हातारी अंघोळ करून आली, केस पिळत म्हणाली, "सखूच्या हातचं पानी मऊ लागते वो." बयनाबाई दाराआड गोधडीत होती. तिनं ऐकलं. म्हातारी चैत्रात गेली. तिचं ते वाक्य गेलं नाही.

त्यानंतर बयनाबाई पलीकडचा धूर पाहू लागली. दोन्ही अंगणांत वारा एकच. तरी सखूबाईचा धूर काठीसारखा सरळ वर जातो आणि आपला कुत्र्यासारखा जमिनीवर लोळतो, असं तिला दिसे. मग ती चुलीतली काडी ओढून पुन्हा लावी. धूर काही सुधारत नसे. मत्सर पेटायला फुंकर लागत नाही. राखेखाली तो आपला आपण टिकतो.

अलीकडं तिला ऐकण्याची सवय लागली होती. भाग्यश्री भिंतीशी उभी राहून सखूबाईशी बोलते आहे, याचा अंदाज ती आतून घेई. शब्द कळत नसत. हसणं कळे. माझ्याजवळ ही अशी हसत नाही. मला ही 'आई' म्हणते आणि डोकं खाली घालून पोळ्या लाटते. तिला 'मावशी' म्हणते आणि हसते. ही तुलना दिवसभर तिच्या दातांत अडकून राही.

या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी तिनं शेवटचं पाणी तापवलं, राख चाळली, हंडा घासून पालथा घातला. पऱ्हाटी अजून शेतातच होती. रविकांत म्हणाला, ट्रॅक्टर चार दिवसांनी मिळतो. तेवढ्यात निर्मलहून पूनमचा, तिच्या मुलीचा, फोन आला. नव्या घराची वास्तुशांत आहे, आई आल्याशिवाय करणार नाही.

"मी येईपर्यंत काडीले हात लावू नका," असं सांगून बयनाबाई गेली.

निर्मलला तिनं नवं घर पाहिलं. पाहुण्यांत बसली. पूनमनं तिला गीझरच्या पाण्यानं अंघोळ घातली. ते पाणी कोणाच्याच हातचं नव्हतं, म्हणून तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून ती परत निघाली. आदिलाबादला गाडी बदलून गावात उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

फाटक उघडलं आणि ती तिथंच थांबली.

अंगणाच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, गंजी उभी होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. जाड बुडखे बाहेर, शेंडे आत. चारी बाजू अशा सरळ की जणू ओळंब्यानं सोडल्या होत्या. तिनं कितीही राग धरला तरी डोळ्यांनी खोटं सांगितलं नाही. गंजी चांगली होती.

भाग्यश्री ओल्या हातानं बाहेर आली. "आलात, आई? पानी देऊ?"

"कोनं रचली हे?"

"मीनं. परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. यायनं दुसऱ्या कोनाचा ट्रॅक्टर आनून पऱ्हाटी अंगनात टाकली. गारा पडतीन म्हनत होते. मंग काल भल्या पहाटे रचून घेतली."

बयनाबाई गंजीजवळ गेली. कोपऱ्यांच्या पेंढ्या पळसाच्या मुळांच्या दोरीनं बांधल्या होत्या. दुहेरी वळसा, गाठ आतल्या अंगाला. ती गाठ या गल्लीत एकच बाई मारते.

"अन हे गाठ?"

भाग्यश्रीनं ओले हात पदराला पुसले. "गाठी मावशीनं मारून देल्ल्या. मले येत नव्हत्या. बाकीची मीच रचली. तुमचं पाहून."

"माहं पाहून? मीनं त तुले कदी दाखवलं नाई."

"इतके वर्सं खिडकीतून दिसतेच नं, आई."

सून हे प्रेमानं बोलली होती. बयनाबाईला ते चोरी पकडल्यासारखं लागलं. इतकी वर्षं आपल्या पाठीमागं दोन डोळे होते. जे आपण दिलं नाही ते हिनं घेतलं. आणि घेऊन शेवटची गाठ मारायला बोलावलं कोणाला, तर तिला.

मग ती खोट शोधू लागली. सरकारी माणूस दरवर्षी गावात येऊन सांगे की पऱ्हाटीवर वाळकी बोंडं ठेवून गंजी लावू नका, आत अळी झोपते आणि पावसात उठून नव्या कापसावर जाते. बयनाबाईनं गंजीत कोपरापर्यंत हात घातला. इथं घातला, तिथं घातला. बोंड लागलं नाही. सगळी तोडून काढली होती.

"बुडाले उधई लागन," तिनं वाळवीचं काढलं.

"खाली दगडं मांडले, आई. राख टाकली, कडूलिंबाचा पाला बी टाकला."

"गोवऱ्या?"

"गंजीच्या मदात आहेत."

बयनाबाईनं गंजीतून हात काढून घेतला. भिंतीपलीकडून सखूबाईचा आवाज आला. "आली का वो, बयना? पोरीचं घर कसं आहे? अन पाह्यली का सुनेची गंजी? तुह्याहून सरस निगाली बाई हे त!"

सखूबाई हे थट्टेनं म्हणाली. ती सगळंच थट्टेनं म्हणते. बयनाबाईनं पिशवी ओसरीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि गंजीवरचा पहिला दगड उचलून खाली टाकला.

"आई, काऊन?" रविकांत आतून जेवता जेवता उठून आला. हात खरकटा होता. "चांगली त रचली आहे. का झालं?"

"तू जेव. माह्या अंगनात माह्या हातची गंजी पायजे."

"अवं पन आता? ऊन पाह्य किती तापलं."

"मले ऊन नको शिकवू."

त्यानं बायकोकडं पाहिलं. भाग्यश्री पुढं झाली आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. सासू काढत होती, सून तिच्या हातातून पेंढी घेऊन हळूच बाजूला मांडत होती. तिनं भांडण केलं असतं तर बयनाबाईला सोपं गेलं असतं. ती नुसती पेंढ्या घेत राहिली.

गंजी बुडापर्यंत उतरली. तेव्हा बयनाबाईनं रचायला घेतलं. पहिली पेंढी दगडांवर ठेवून तिनं गुडघ्यानं दाबली आणि काड्या कडाकडा मोडल्या.

पऱ्हाटी दुपारी हाताळत नाहीत. इथल्या लहान पोरीलाही हे माहीत असतं. पहाटे दवानं काडी मऊ झालेली असते, ती वाकते, एकीत एक गुंतते, दाबली की बसते. ऊन चढलं की तीच काडी काचेसारखी होते. सगळी गल्ली गंज्या पहाटेच लावते, आणि कोणाला विसर पडला तर आठवण करून देणारी बयनाबाईच असायची. आज तिला ती आठवण कोणी करून दिली नव्हती. दिली होती खरं तर, मुलानं. तिनं ऐकली नव्हती.

आता थांबता येत नव्हतं. तिनं दुसरी पेंढी घेतली, हलकेच ठेवली, हलकेच दाबली. मोडली. तिसरीचे शेंडे आत वळवताना निम्मे हातात आले. बुडखे बाहेरून सरळ दिसत होते, आत नुसता चुरा पडत होता. चुऱ्याची गंजी राहत नाही, खचते. तिला ते पहिल्या थरालाच कळलं होतं. तरी ती थरावर थर चढवत राहिली. घाम डोळ्यांत गेला, तळहातात काडी रुतली, बांगडी फुटली. कमरेइतकी झाली तेव्हा गंजी एका अंगाला कलली. बयनाबाईनं तिला पाठ लावली. पाठ काढली असती तर सगळी अंगावर आली असती. म्हणून ती तशीच उभी राहिली, गंजीला टेकून, उन्हात. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई विसावा घेते आहे.

भिंतीवर सखूबाईचं डोकं दिसलं. या वेळी ती हसत नव्हती. थोड्या वेळानं ती फाटकातून आत आली. काखेत भिजवलेली गोणपाटं होती, त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"बयना, सोड. पडू दे तिले. मोडली ते मोडली, अजून लय उरली. हे वल्ले पोते झाकून ठेवू रातभर, सकायी नरम होते. मंग लावू."

बयनाबाई हलली नाही. 'लावू' म्हणाली. म्हणजे दोघी. म्हणजे तिघी.

सखूबाईनं गोणपाटं भाग्यश्रीच्या हातात दिली. भाग्यश्रीनं ती घेतली, पण पसरली नाही. ओली गोणपाटं छातीशी धरून ती उभी राहिली, साडी भिजत होती. तिनं सासूकडं पाहिलं. पहिल्यांदा मान खाली न घालता पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "तुमी म्हनान तसं. तुमी पुढं राहून सांगा, मी लावतो. नाई म्हनान त मावशी जातीन घरी, मीबी आत जातो. पन कोनालेच न लावू देल्लं, त हिवायात चुलीत घालाचं तरी काय?"

रविकांत ओसरीवर उभा होता. हात अजून धुतला नव्हता, बोटांवर वरण वाळलं होतं. सुनेनं विचारलं होतं आणि नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की गंजी लागली असती, आणि सांगणारी तीच राहिली असती. हे तिला कळत होतं. पण तो 'हो' सखूबाईच्या समोर म्हणावा लागणार होता, सखूबाईच्या पोत्यांसाठी. तिनं सुनेच्या हातांकडं पाहिलं. मेंदी केव्हाच गेली होती. बोटांवर काल पहाटेचे ओरखडे होते, ताजे, लाल, अगदी तिच्या हातांवर दरवर्षी उठत तसे. ते ओरखडेसुद्धा तिला आपलेच वाटले. कोणी उचलून नेल्यासारखे.

तिनं पाठ काढली.

गंजी सावकाश आडवी झाली. धूळ उठली, बसली. सखूबाई दोन पावलं मागं सरली. बयनाबाईनं केसांतला चुरा झटकला नाही, कमरेचा पदर सोडला नाही. ओसरीवर ठेवलेल्या पिशवीकडंही पाहिलं नाही. पसरलेल्या काड्या ओलांडून, त्या दोघींच्या मधून, ती फाटकाबाहेर निघून गेली.