माझं मशीन आणि त्यांचं मशीन

पुरुष घोरला तर त्याला गाढ झोप लागली म्हणतात, आणि बाई घोरली तर तिचा व्हिडिओ काढतात. हे मला चुलत दिराच्या मुलीच्या लग्नात कळलं. कामठीच्या कार्यालयात आम्हा बायकांच्या गाद्या एकाच हॉलमध्ये टाकल्या होत्या. सकाळी चहा घ्यायला गेले तर चारपाच जणी एका मोबाईलवर वाकून हसत होत्या. मोबाईलमध्ये मी होते. तोंड उघडं, पदर सरकलेला, आणि तो आवाज.

"काहून वं, रातभर कोळशाचा ट्रक चालवून राहिली होती काय?" जाऊ म्हणाली.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. सगळ्यात जास्त हसले ते आमचे हे. स्वतः असे घोरायचे की कूलरचा आवाज ऐकू येऊ नये. पण त्यांचं घोरणं थकलेल्या कमावत्या माणसाचं होतं. मीही त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसले. तोंड पाडून बसले असते तर त्याचाही व्हिडिओ झाला असता.

कमावत मीसुद्धा होते. हे कोराडीच्या वीज केंद्रात कामाला, म्हणून आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो, आणि मी रोज बसने शहरातल्या सदर भागात विम्याच्या कामाच्या एका ऑफिसात जायचे. त्या काळात मला बसमध्ये बसताक्षणी झोप लागायची. सदर मागे जायचं, कंडक्टर शेवटच्या स्टॉपवर हलवून उठवायचा आणि मी उलटी बस धरून उशिरा ऑफिसात पोचायचे. एकदा समोर ग्राहक बसलेला असताना माझा पेन कागदावर तसाच घसरत गेला. डोळे उघडले तेव्हा तो माणूस माझ्याकडे काळजीने बघत होता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, घरी काही टेन्शन आहे का?" घरी जाऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "वजन कमी कर. खाऊन खाऊन सुस्ती येते."

डॉक्टरकडे मी एकटीच गेले. डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र झोपवलं आणि मग त्यांनी सांगितलं, की झोपेत माझा घसा आतून मिटतो, श्वास थांबतो, शरीर घाबरून मला अर्धवट जागं करतं, आणि हे रात्रभर चालतं. "तुम्ही झोपताय असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले, "पण तुम्ही झोपतच नाही आहात." त्या वाक्याने मला रडू आलं. सुस्त, आळशी, खादाड हे सगळं ऐकून घेतल्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की मी दमलेली आहे.

उपाय म्हणजे सीपॅपचं मशीन. उशाशी एक डबा, त्यातून एक लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. डबा हवा ढकलत राहतो, त्यामुळे घसा मिटत नाही. ऐकायला सोपं. घरी मशीन बसवायला आलेल्या माणसाने पिशवीतून एक मास्क काढला, माझ्या डोक्यावरून पट्टे ओढले आणि म्हणाला, "सबको यही बैठता है." मला तो बसला नाही. वरच्या कडेतून हवा सुटून सरळ डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लाल. म्हणून मी पट्टे आवळले. अजून सुटली, अजून आवळले. आठवड्याभरात नाकाच्या दांड्यावर जखम झाली आणि गालांवर असे वळ उठले की ऑफिसातली एक बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "हात उचलतात का गं ते?"

तोंड उघडं राहिलं की घसा इतका कोरडा पडायचा की थुंकी गिळता यायची नाही. तोंड मिटलं तर हवा पोटात जायची आणि सकाळी पोट ढोलकीसारखं. हिवाळ्यात नळीत श्वासाच्या वाफेचं पाणी साचून थंड थेंब नाकात टपकायचे. उन्हाळ्यात मास्कखाली घामाचं तळं. मशीनची हवा गाळणारी पांढरी जाळी आमच्या कॉलनीत बघता बघता वीज केंद्राच्या राखेने करडी व्हायची. पण सगळ्यात वाईट होतं ते घुसमटणं. हवा नाकात येत असतानाही वाटायचं की कोणीतरी तोंडावर पंजा दाबून धरलाय. मी मास्क ओरबाडून काढायचे आणि उठून बसायचे.

आणि लाईट जायची. समोर वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या, तरी जायची. मशीन बंद पडलं की मास्कमधला श्वास कोंडायचा.

"अहो, एक इन्व्हर्टर घेऊ या का?" मी विचारलं.

"एका नळीसाठी इन्व्हर्टर?" हे म्हणाले. "लाईट गेली तर काढून ठेवत जा ना. लोकं काय झोपत नाहीत काय?"

तोवर त्यांनी त्यांची गादी बाहेरच्या खोलीत नेली होती. मशीनच्या आवाजाने झोप येत नाही, असं कारण होतं. सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "चालत्याबोलत्या बाईनं तोंडाले नळी लावून झोपू नये. घरात बिमारी आल्यासारखं वाटते."

मी मशीन कपाटात ठेवून दिलं. नंतर ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला, कठडा हातात सापडला म्हणून वाचले, आणि पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझं नाक बघितलं आणि विचारलं, "इतकं घट्ट बांधायला कोणी सांगितलं? हा साइझच तुमचा नाही." माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठ्या मास्कसाठी मी इतके दिवस स्वतःचं कातडं सोलून घेत होते. त्यांनी लहान मास्क दिला, नुसता नाकपुड्यांना टेकणारा. हवा सुरुवातीला हलकी ठेवून हळूहळू वाढेल असं मशीन लावून दिलं, हनुवटीला पट्टा दिला, डब्यात पाणी भरून हवा ओलसर कशी करायची ते दाखवलं. आणि म्हणाले, "फक्त झोपताना लावू नका. दिवसा, जागेपणी, काम करताना लावा. त्याची सवय होऊ द्या."

म्हणून मी रविवारी दुपारी नाकाला नळी लावून मेथी निवडायला बसायचे. टीव्ही बघायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, नळी पुरेल तेवढ्या जागेत. शेजारीण साखर मागायला आली आणि दारातच थबकली, "अवं माय! ऑक्सिजनवर गेली काय तू?" सासूबाई कपाळाला हात लावून बसायच्या. मी मेथीची जुडी संपेपर्यंत उठायचे नाही. घुसमट आली की मनात म्हणायचे, ही हवा आहे, ही आत येते आहे. कधी पटायचं, कधी नाही. असं करता करता एक दिवस नळी लावून पेपर वाचताना माझा डोळा लागला तो संध्याकाळी दिवे लागल्यावर उघडला. डोकं हलकं होतं. कितीतरी वर्षांनी मला चहाचा वास नीट आला. त्यानंतर सदरचा स्टॉप कधी चुकला नाही.

हे सगळं मी एकटीने केलं, आणि घरात कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. बाई आता दिवसा पेंगत नाही, एवढंच.

मग ह्यांचा अपघात झाला. कामावरून घरी येताना चालत्या गाडीवर डुलकी लागली आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भरती असताना नर्सने त्यांचं घोरणं ऐकलं, डॉक्टरांनी तपासणी करायला लावली, आणि निघालं तेच, माझ्यापेक्षा जास्त.

पुण्याहून आमचा मुलगा धावत आला. बाबांचं मशीन घरी आलं, त्याच्या आधी इन्व्हर्टर आला. मुलाने दुकानात बसून चार मास्क ह्यांच्या नाकाला लावून बघितले. सासूबाईंनी जेवणं झाली की टीव्ही बंद करायला सुरुवात केली. "हळू बोला वं, माझ्या लेकाचं मशीन सुरू आहे." नळीने घरात बिमारी आल्यासारखं वाटतं, ते आता कोणालाच वाटत नव्हतं.

पहिल्या रात्रीनंतर ह्यांनी मास्क काढून पलंगावर फेकला. "मरून जाईन मी. हे काय माणसानं लावायची गोष्ट आहे?"

मुलगा मला म्हणाला, "आई, तू समजावून सांग ना त्यांना. तुला तर काही त्रास नाही झाला."

तो खरंच तसं समजत होता.

आणि मी समजावलं. दुपारी ह्यांना नळी लावून पेपर घेऊन बसवलं. पट्टे सैल केले, पाणी भरलं, डब्याची जाळी बदलली. मोडलेल्या खांद्यामुळे त्यांचा हात वर जात नव्हता, म्हणून रोज मास्क मीच चढवायचे. ह्यांना माझ्यापेक्षा लवकर सवय झाली. का होऊ नये? भेटायला येणाऱ्यांना हे सांगायचे, "काही कठीण नाही बाप्पा. मनाची तयारी पाहिजे." मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे.

एकदा मास्क बसवताना मी त्यांना विचारलं, "मी इतकी वर्षं घोरायचे तेव्हा तुम्ही जवळ होता. मधेच माझा श्वास बंद पडायचा, ते तुम्हाला कधी कळलं नाही?"

ते जरा विचार करून म्हणाले, "कळायचं ना. एकदम चूप व्हायची तू. मले वाटे, बरं झालं, आता झोपता येईल."

वाईट हेतूने बोलले नव्हते. खरं तेच सांगितलं होतं. माझे हात त्यांच्या कानामागच्या पट्ट्यावर होते. मी पट्टा नीट बसवला, हवा कुठून सुटत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं आणि मशीन सुरू केलं. त्यांची छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

त्यांचा खांदा बरा झाल्यावर मुलाने फोनवर सुचवलं, की आता दोघांनाही मशीन आहे तर तुम्ही परत एकाच खोलीत झोपत जा, एक एसी लावला की काम होईल. हे लगेच तयार झाले. मी नाही म्हणाले. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "मला आता झोप लागते."

दार लावून घेते. कडीसुद्धा.