सहाचाकीतून अक्काला आणताना

आमच्या घरात एकही चारचाकी नव्हती, तेव्हा आबांनी सहाचाकी आणली.

आबा म्हणजे माझे वडील, अक्का माझी थोरली बहीण. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. गावाजवळ धरण झालं आणि आमच्या अन् अक्काच्या सासरच्या मध्ये पाणी येऊन बसलं. पूर्वी अक्का पायी माहेरी यायची. आता दोन एसट्या बदलून, अर्धा जिल्हा पाहून यावं लागे. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद जमतात, आणि लागोपाठ दोन वर्षं अक्का आलीच नव्हती. आरती संपली तरी माय दाराकडे पाहत उभी असायची.

म्हणून धरणावरच्या भंगाराचा लिलाव झाला, तेव्हा पाइप आणायला गेलेले आबा ही गाडी घेऊन आले. ती जमिनीवर चालते आणि पाण्यावर तरंगते, असं लिलाववाल्याने सांगितलं होतं. त्या दिवशी ती दोन्ही करत नव्हती. मोठ्या साबणाच्या डबीला सहा चाकं लावावीत, असं रूप. स्टीअरिंग नाही, दोन दांडे. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. ओढला गेला तर! कित्येक वर्षं उन्हापावसात उभं राहून तिचं सगळं अंग धरलं होतं.

"यंदा कानबाईले अक्काले ह्याच गाडीमा आणसूत," आबांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे वळले. "तू कॉलेजमा शिकस ना? मंग देख जरा."

मी जळगावला बी.ए. करत होतो, विषय अर्थशास्त्र. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात गेलेल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. (मलाही नीटसं नव्हतं.) 'मला यातलं कळत नाही' हे वाक्य दोनदा ओठांवर आलं, पण आबा इतक्या कौतुकाने बघत होते, की मी ते गिळलं आणि वही आणली.

वहीत तीन रकाने आखले: अडकलेला भाग, उपाय, सुटला का. सोबतीला नाना होते, विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारे. नानांचा सगळ्या रोगांवर एकच इलाज: रॉकेलमध्ये ऑइल मिसळून ओतायचं, चार दिवस थांबायचं, मग हातोडी. रॉकेल रेशनचं, त्यामुळे मायच्या स्टोव्हला उपास घडू लागले. चाकं सुटली. एक दांडा सुटला. दुसरा हातातच आला. (तो नानांनी वेल्डिंग करून परत बसवला.)

लोखंड तापवलं की फुगतं, असं मी घाबरत घाबरत शास्त्र मांडलं. नानांनी लगेच ब्लो लॅम्प पेटवला. नट फुगला की नाही ते कळलं नाही, कारण त्याआधी सीट पेटली. मायने ती बादलीभर पाण्याने विझवली आणि रिकामी बादली नानांच्या हातात दिली.

राहिला पिस्टन. तो रॉकेलला दाद देईना, हातोडीला देईना. शेवटी आबांनी माझ्या वहीकडे न बघता बैलजोडी आणली, गाडी गिअरमध्ये टाकायला लावली आणि ओढली. वीसेक पावलांवर आतून खट् आवाज आला, मग धूर आला, आणि इंजिन सुरू झालं. बैलांनी मागे वळून पाहिलं. त्यानंतर बैल, गाडी आणि गाडीत बसलेला मी, असे सगळेच केळीच्या बागेतून आरपार गेलो. वहीत मी लिहिलं: पिस्टन, सुटला.

आता एकच भाग उरला: गाडीच्या तळाला घट्ट बसलेलं पितळी बूच. नाना म्हणाले, राहू दे, त्याचा कोणाला त्रास आहे? पण वहीतली ती एकच रिकामी जागा मला खुपत होती, आणि तोवर माझ्या हाताने काहीच सुटलेलं नव्हतं. दोन दिवस चिंधी, रॉकेल आणि हलके ठोके. सुटलं! बादलीभर काळं पाणी बाहेर आलं आणि मागोमाग एक बेडूक. आबांनी पाठ थोपटली. "पोऱ्यानी काढं शेवटी."

कानबाईसाठी घरातलं सगळं पितळ तेव्हा चिंचेने घासलं जात होतं. बूचही मी त्यातच दिलं. वहीत 'परत लावलं का' असा चौथा रकाना नव्हता.

रविवारी सकाळी कानबाई मांडून झाली आणि आम्ही निघालो. नवा फेटा बांधलेले आबा शेजारी, दांड्यांवर मी. काठावर अख्खं गाव. गाडी पाण्यात शिरली आणि खरोखर तरंगली! पलीकडे पिशवी घेऊन उभी असलेली अक्का दिसू लागली. आबांनी हात हलवला. मला पाय ओले वाटले.

सुरुवातीला मी पाय आखडून घेतले. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर बोललो.

"आबा, पानी ई ऱ्हायनं."

"धरण शे. पानी त ऱ्हाईच."

"गाडीमा ई ऱ्हायनं, आबा."

आबांनी खाली पाहिलं. "बूच कोठे शे?"

"कानबाईजोडे," मी म्हणालो. "मायनी समईखाले ठेयेल शे. भलतं चमकस."

आबा रागावले नाहीत. त्यांनी नवा फेटा सोडला आणि त्या भोकात कोंबायला घेतला. फेट्याने बऱ्यापैकी साथ दिली. पलीकडचा काठ वीस हातांवर असताना गाडी शांतपणे खाली बसली. पाणी कमरेइतकंच होतं. पण समोर जावयाचं गाव उभं होतं, म्हणून आबा उघड्या डोक्याने सीटवर ताठ बसून राहिले.

अक्काने पिशवी काठावर ठेवली, पदर खोचला आणि पाण्यात उतरून आबांचा हात धरला. "चला आबा, एसटी सुटी जाई. मी कालच टाइम इचारी ठेयेल शे."

दोन एसट्या बदलून अक्काने आम्हाला घरी आणलं, संध्याकाळच्या आरतीच्या आत. मायने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि तिला जवळ घेऊन रडली. गाडीचं काय झालं, हे तिने विचारलंसुद्धा नाही. भाऊबंदांनी विचारलं, तेव्हा आबांनी मान वर करून उत्तर दिलं, "गाडी धाडी, म्हनीसन पोर उनी." पोर आली ती गाडी धाडली म्हणूनच, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मला मात्र धरणाच्या पाण्याने ताप भरला. अक्का चार दिवसांसाठी आली होती. त्यातले साडेतीन दिवस ती माझ्या कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत होती. त्या वर्षी आमच्या घरात माहेरपण झालं खरं, पण ते माझं.