रणगाड्याची पहिली गोणी

सिमेंटच्या त्या गोदामात एक अलिखित कायदा होता. ट्रकचा मागचा फाळका पडला की पहिली गोणी रणगाड्याची. पन्नास किलोची ती गोणी पाठीवर टाकून तो आतल्या थप्पीवर नेऊन आपटेपर्यंत बाकीच्या हमालांनी हाताची घडी घालून बघत राहायचं, मग कामाला लागायचं. एकोणीस वर्षं हे असंच चाललेलं. स्वतःचं खरं नाव त्याला हजेरीच्या मशीनपुढेच काय ते आठवायचं.

मग एक दिवस खोक्यांतून सांगाडे आले. ते घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसाने त्यांना ‘एक्सोस्केलेटन’ म्हटलं. हमालांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला आणि ‘सांगाडा’ म्हणून मोकळे झाले. कमरेला रुंद पट्टा, मांड्यांना दोन, पाठीवर बॅटरी, दोन्ही खुब्यांवर मोटरी. ओझं धरून उठायला लागलं की मोटरी घुंईं करून माणसाला वर ढकलायच्या.

“ज्याला गरज असेल त्याने घालावा,” रणगाडा मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, “आमचा देवानेच आत बसवून दिलाय.”

सगळे खो खो हसले. ते हसू त्याला चारच दिवस पुरलं.

कारण पहिला सांगाडा मिळाला काडीला. काडी म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुकादमाच्या हातापाया पडून त्याला इथे चिकटवला होता तो रणगाड्यानेच. अंगावर मांस औषधापुरतं. दुपार झाली की थप्पीला टेकून कण्हणारा हा प्राणी आता संध्याकाळी शीळ घालत घरी जायला लागला. शीळही धड येत नव्हती त्याला. तरी घालायचा.

पाचव्या दिवशी फाळका पडला. रणगाडा डोक्याला रुमाल बांधतोय तोवर शेजारून घुंईं झालं, आणि काडी पहिली गोणी पोटाशी धरून आत निघालासुद्धा. त्याच्या मनात काही नव्हतं. हात रिकामे होते, यंत्र चालू होतं, उचलली. पण त्याला कोणी हटकलं नाही. रणगाड्याला लागलं ते हेच.

घरी बायकोने वर मीठ चोळलं. “अहो, ऐकलंत का? धाकटीचे ते आता रोज संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतात म्हणे. आणि आमच्याकडे बघा, आलात की भिंत पडल्यासारखे आडवे.”

“त्याला सांगाडा आहे.”

“मग तुम्हीही घ्या की. कोणी अडवलंय?”

अडवलं टेपने. मुकादमाने त्याच्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि जोरात वाचलं, “सत्तेचाळीस! पट्टा चव्वेचाळीसच्या पुढे जात नाही रे बाबा.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि ऐक, पुढच्या महिन्यापासून ट्रकवर फक्त सांगाडेवाले. बाकीचे आत, थप्प्या सरळ करायला.”

ज्या छातीपोटावर एकोणीस वर्षं मिरवलं, तेच आडवं आलं. त्या दिवसापासून रणगाड्याने डबा गोदामामागच्या कुत्र्याला घालायला सुरुवात केली. रात्री “भूक नाही” म्हणून पाणी पिऊन झोपायचा. बायकोला वेगळीच शंका.

“खरं सांगा, कोणाकडे जेवून येता?”

“मी? कुत्रं विचारत नाही मला.”

हे मात्र साफ खोटं होतं. कुत्रं त्याला चांगलंच विचारत होतं. महिन्याभरात कुत्रं रणगाड्यासारखं दिसायला लागलं आणि रणगाडा कुत्र्यासारखा.

महिना संपायला दोन दिवस होते. हल्ली पहिल्या गोणीसाठी तो सगळ्यांच्या आधी येऊन फाळक्याला चिकटून उभा राहायचा. त्या सकाळी गोणी पाठीवर आली आणि तोल गेला. तो कलंडणार एवढ्यात मागून घुंईं झालं.

“दादा, सोडा. धरली मी.”

गोणी अंगावर पडली असती तरी एवढं लागलं नसतं.

त्याच दुपारी त्याने टेप मागितली. चव्वेचाळीस. श्वास रोखून, पण चव्वेचाळीस.

एक तारखेला त्याच्या सांगाड्याचे पट्टे बांधायला काडीच पुढे आला. “मांडीचा एवढा आवळू नका दादा, मुंग्या येतात.”

“तू शिकव आता मला!”

ट्रक लागला. फाळका पडला. काडी दोन पावलं मागे सरकला आणि त्याने हाताची घडी घातली. त्याचं बघून बाकीच्यांनीही घातली. रणगाड्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग पट्टा नीट करायचं निमित्त करून हात कमरेमागे नेला, बटण बंद केलं आणि गोणी पाठीवर घेतली. मानेच्या शिरा तटतटल्या, पण गोणी थप्पीवर जाऊन आदळली.

“वा!” मुकादम ओरडला. “बघा, यंत्र ते यंत्र! कसा पिसासारखा गेला.”

घुंईं झालंच नव्हतं, हे काडीच्या तेवढं लक्षात आलं. तो जवळ येऊन पुटपुटला, “दादा, बटण बंद आहे.”

“ठाऊक आहे. गप बस.”

“कंबर जाईल.”

“पहिल्या गोणीपुरतंच रे.”

काडीने मुकाट्याने बटण दाबलं. दुसरी गोणी रणगाड्याने पोटाशी धरली. घुंईं झालं, कोणीतरी काखेत हात घालून उठवावं तसा तो अलगद वर आला. कमरेतून नेहमीची कळ निघालीच नाही. मग पुढे चाललेल्या काडीच्या पाठीकडे त्याने जळजळीत नजरेने पाहिलं.

एवढं सुख हा बेटा महिनाभर एकटाच खात होता!